‘आता वीटही हलवता येणार नाही’ असं बिल्डर सांगतोय, खरं का?

पत्र:

नमस्कार. शनिवार पेठेत आमचा वाडा आहे. शनिवारवाड्यापासून चालत सात-आठ मिनिटं. मूळचा दोन चौकी, मागचा चौक आजोबांनीच विकला. पुढचा चौक, वर एक मजला आणि रस्त्याकडे नक्षीचे सागवानी खांब अजून आहेत. वडिलांच्या मागे मी, थोरला भाऊ (निगडीला असतो) आणि कै. धाकट्या भावाचा मुलगा (न्यू जर्सी) असे तिघे वारस. मी बँकेतून निवृत्त झाले, वाड्यातच राहते. खाली दोन जुने भाडेकरू आहेत, एकाचं भाडं ६० रुपये, दुसऱ्याचं ८५.

गेल्या महिन्यात एक बिल्डर आले. म्हणाले, “तुमचा वाडा महापालिकेच्या हेरिटेज यादीत आहे. आता वीटही हलवता येणार नाही. त्यापेक्षा २६४ ची नोटीस काढून घेऊ. वाडा धोकादायक ठरला की यादी आपोआप गळून पडते आणि भाडेकरूही जातात. ते सगळं मी बघतो.” भाऊ म्हणतो, सही करून टाक. तुझं लग्न झालेलं, तरी आम्ही तुला हिस्सा देतोय ना?

वाडा पाडूच नये असं माझं म्हणणं नाही. पावसाचे चार महिने बादल्या लावून मीही थकले आहे. पण दर्शनी भाग तरी राहावा असं फार वाटतं. खरंच वीटही हलवता येत नाही का? महापालिका दुरुस्तीला पैसे देते का? यादीतून नाव काढता येतं का?

शनिवार पेठेतली एक वाचक

उत्तर:

ताई,

आधी २६४ चं बोलू, कारण तिथं तुमच्या हातात दिवस थोडे आहेत. बाकीचं सावकाश बोलता येईल.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं हे कलम. एखादं बांधकाम पडायला आलंय, त्यात राहणाऱ्याला किंवा रस्त्यानं जाणाऱ्याला धोका आहे असं आयुक्तांना दिसलं तर ते मालकाला किंवा भोगवटादाराला लेखी नोटीस काढतात. पेठांमध्ये ‘दोनशे चौसष्ट लागली’ म्हणजे वाडा गेला असाच अर्थ रूढ झालाय. कलम तसं म्हणत नाही. पाडा, आधार देऊन सुरक्षित करा, काढून टाका किंवा दुरुस्त करा, असे चारही पर्याय त्यात आहेत. नोटिशीत यातला कोणता लिहायचा हे पाहणीला आलेल्या अभियंत्याच्या शेऱ्यावर ठरतं, आणि तो शेरा पुष्कळदा मालकाच्याच बाजूनं दाखल झालेल्या स्ट्रक्चरल ऑडिटवर, म्हणजे बांधकामाच्या मजबुतीच्या तपासणीवर, बेततो. तेव्हा ‘ते सगळं मी बघतो’ याचा साध्या मराठीत अर्थ असा की ऑडिट कोणाकडून करून घ्यायचं ते बिल्डर बघणार.

अशी ऑडिटं मी पाहिली आहेत. एका वाड्यात मी पोचलो तेव्हा एक तरुण इंजिनिअर भिंतीला रिबाउंड हॅमर टेकवून आकडे वहीत उतरवत होता. हे यंत्र काँक्रीट किती कठीण आहे ते पाहण्यासाठी असतं. समोरची भिंत होती पांढऱ्या मातीत रचलेल्या विटांची, आणि तो टेकवत होता तोही वरच्या गिलाव्यावर. आकडे अर्थातच भिकार आले. अहवालात छापून आलं, ‘रचना अत्यंत कमकुवत’. मुलगा लबाड नव्हता. त्याला कॉलेजात जे शिकवलं होतं त्यात वाडा नव्हताच.

वाडा बहुधा भिंतीवर उभा नसतो, लाकडावर उभा असतो. खाली दगडी जोतं, त्यावर खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट (कड्या आणि फळ्यांचं छत), आणि भिंत म्हणजे मधली भर. म्हणून भिंतीला तडा दिसला की सगळे घाबरतात, पण खरी जागा वेगळीच असते. तुळईचं जे टोक भिंतीत घुसलेलं असतं, ते. कौल सरकतं, पाणी भिंतीच्या माथ्यात उतरतं, आणि ते टोक आतल्या आत कुजत जातं. बाहेरून तुळई धडधाकट दिसते. एक साधा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन टोकाशी टोचून पाहा. टणक लागलं तर ठीक, बिस्किटासारखं आत गेलं तर ती तुळई गेली. त्यात कुणी ‘पक्कं काम’ म्हणून मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला असेल तर ओल बाहेर पडायला वाटच उरत नाही. पेठांमधल्या वाड्यांचं अर्धं नुकसान या पक्क्या कामानं केलंय, असं माझं स्पष्ट मत आहे. तुमच्याकडे असा गिलावा कुठं कुठं झालाय ते आठवून लिहून ठेवा. वडिलांच्या काळातलं असेल तर शेजाऱ्यांना विचारा, त्यांना हमखास आठवतं.

तेव्हा पहिली गोष्ट, बिल्डरच्या आधी तुम्ही ऑडिट करून घ्या. लाकूड आणि चुना ज्याला कळतो असा संवर्धन क्षेत्रातला वास्तुविशारद किंवा इंजिनिअर पाहा. पुण्यात अशी माणसं आहेत. अहवालात ‘कोणता खण (दोन खांबांमधला भाग) दुरुस्तीयोग्य, कोणता नाही’ असं खणागणिक लिहून मागा. सगळ्या वाड्याला मिळून एकच विशेषण असलेला अहवाल घेऊ नका.

आता ‘यादी आपोआप गळून पडते’ हे. नाही पडत. यादीतली वास्तू पाडायची तर आयुक्तांची लेखी पूर्वपरवानगी लागते, आणि ती देण्याआधी प्रकरण हेरिटेज समितीपुढं जातं. समितीचं म्हणणं आयुक्त बाजूला ठेवू शकतात, पण कारणं लेखी नोंदवून. परवानगीशिवाय वास्तू पाडली, किंवा मुद्दाम पडू दिली असं सिद्ध झालं, तर प्रादेशिक व नगररचना कायद्याखाली खटला होतोच. त्याहून जास्त बोचणारं कलम पुढचं आहे. त्या जागेवर नव्या इमारतीला परवानगी नाकारता येते, किंवा होती त्याच आकारमानाची, त्याच रूपाची इमारत पुन्हा बांधा म्हणून अडून बसता येतं. उंच इमारतीचं चित्र डोळ्यापुढं ठेवून आलेल्या माणसासाठी याहून वाईट काही नाही. पुढच्या वेळी ते आले की चहा द्या आणि एवढंच विचारा, “पाडल्यावर बांधायची परवानगी मिळाली नाही तर करारात काय लिहायचं?”

पण खोटा दिलासाही देणार नाही. जे खरोखर पडायला आलंय ते पाडावंच लागतं, मग ते यादीत असो नाहीतर नसो. खाली माणसं राहतात. यादी कागदावर असते, तिला पाऊस अडवता येत नाही. आमचा स्वतःचा वाडा वाईला होता. चार चुलत भाऊ, कौलं कोणी बदलायची यावर तीन वर्षं पत्रं लिहीत बसलो. मी तर लोकांना जुन्या घरांबद्दल सल्ले द्यायचो तेव्हा! चौथ्या वर्षी जुलैत एका रात्री मागची भिंत बसली. कुणाला लागलं नाही हेच नशीब. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर भिंतीतून निघालेल्या तुळईचं टोक हातानं कुस्करता येत होतं. त्या वर्षीची कौलं बदलायला जेवढा खर्च आला असता, त्याहून जास्त मलबा उचलायला लागला.

वीट हलवता येते की नाही, हे वाडा कोणत्या यादीत आणि कोणत्या श्रेणीत आहे यावर आहे. बिल्डरनं तुम्हाला यातलं काहीच सांगितलेलं नाही. कदाचित त्यांनाही ठाऊक नसेल, किंवा वाडा यादीत नसेलही. घाबरवायला ‘हेरिटेज’ हा शब्द बरा पडतो.

महाराष्ट्रात ही व्यवस्था १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यातून आली. ऐतिहासिक आणि वास्तुकलेच्या दृष्टीनं महत्त्वाच्या जागांचं जतन हा विकास आराखड्याचाच भाग आहे असं तो कायदा म्हणतो. त्याचा पहिला मोठा उपयोग मुंबईनं केला. १९९५ मध्ये तिथं हेरिटेज नियमावली मंजूर झाली, तीही एकेका इमारतीपुरती नाही. फोर्ट, गिरगावातली खोताची वाडी असे सबंध परिसर तिनं कवेत घेतले. यातला विचार मला आजही पटतो. एक घर वाचवून वाडी वाचत नाही. दोन्ही बाजूंना टॉवर आले की मधलं कौलारू घर केविलवाणं दिसतं, आणि पाच वर्षांत तेही विकलं जातं. परिसर यादीत आला की उंची, रस्त्याकडची रेषा, दर्शनी भागाचं रूप, सगळ्यांनाच लगाम बसतो. मुंबई वगळता बहुतेक राज्याला आता २०२० ची एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली लागू आहे आणि वारसा वास्तूंचे नियम तिच्यात आहेत. पुणे महापालिकेच्या यादीत अडीचशेच्या आसपास वास्तू आहेत.

श्रेणी एकूण तीन आहेत. पहिल्या श्रेणीत राष्ट्रीय किंवा ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तू येतात, तिथं मजबुतीसाठी गरजेचं असेल तेवढंच, आतही आणि बाहेरही. दुसऱ्या श्रेणीत आतले बदल आणि नवा वापर साधारणपणे चालतो, बाहेरच्या रूपाला हात लावायचा तर छाननी होते. (मुंबईत या श्रेणीचे अ आणि ब असे दोन पोटभाग आहेत. ब मध्ये त्याच आवारात शोभेल अशी जोडइमारतही बसू शकते.) तिसऱ्या श्रेणीत आतून, बाहेरून बदल, वाढीव बांधकाम, सगळं विचारात घेता येतं, परिसराशी जुळलं म्हणजे झालं. वास्तू खरंच कमकुवत असेल तर पुनर्बांधणीचाही विचार होतो. पेठेतला राहता वाडा, एक चौक, मागचा भाग विकलेला. माझा अंदाज, यादीत असलाच तर तिसऱ्या श्रेणीत असेल. तसं असेल तर ‘वीटही हलवता येणार नाही’ हे वाक्य सरळ खोटं.

एक सावधगिरी. नियमाच्या भाषेत दुरुस्ती, गिलावा, अगदी बाहेरचा रंगसुद्धा परवानगीच्या कक्षेत येऊ शकतो. म्हणून कौलं बदलण्याआधी एका पानाचा अर्ज, फोटो जोडून, हेरिटेज विभागाला द्या आणि पोच घ्या. परवानगी मागायला गेलं तर अडकवतील या भीतीनं लोक गुपचूप काम उरकतात आणि मग खरंच अडकतात.

दुसरी यादी केंद्राची. शनिवारवाडा हे केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यात २०१० साली जी दुरुस्ती झाली, तिच्याप्रमाणे अशा स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही, आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची परवानगी लागते. पहिल्या १०० मीटरमध्येही जुन्या घराची दुरुस्ती आणि नूतनीकरण परवानगी घेऊन करता येतं, हे मात्र कुणी सांगत नाही. तुम्ही ‘चालत सात-आठ मिनिटं’ लिहिलंय. म्हणजे बहुधा तीनशेच्या बाहेर. पण पेठेतली मिनिटं बोळाबोळानं मोजलेली असतात आणि कायदा सरळ रेषेत मोजतो, तेही शनिवारवाड्याच्या दरवाजापासून नाही, त्याच्या संरक्षित हद्दीपासून. एकदा नकाशावर मोजून घ्या. शंभराच्या आत निघालात तर बिल्डरचं उंच इमारतीचं चित्र तिथंच संपतं आणि भावाशी वादही उरत नाही.

पैशांचा प्रश्न. खासगी वास्तूची देखभाल मालकानं करायची, हे नियमावलीतच लिहिलंय. तिजोरीतून धनादेश निघेल या आशेवर बसू नका. महापालिकेचं जतन सर्वांत चांगलं दिसतं ते तिच्या स्वतःच्या वास्तूंवर. विश्रामबागवाडा पाहा. दुसऱ्या बाजीरावानं बांधलेला, १८०७ मधला. १८७९ च्या आगीत होरपळला, लोकवर्गणी आणि नगरपालिकेच्या पैशातून पुन्हा उभा राहिला, पुढं कित्येक वर्षं पालिकेची कचेरीच तिथं होती, आणि या शतकात महापालिकेनं त्याचं पद्धतशीर काम केलं. नानावाडा, मंडई, तिथंही कामं झाली. खासगी वाड्यांच्या वाट्याला मात्र बहुतेक वेळा नियमच आले. हे मला कायम खटकत आलंय. शहरानं ज्याचं कौतुक करायचं, त्याचा खर्च तीन वारसांपैकी जी तिथं राहते तिनं करायचा!

तरी दोन वाटा आहेत आणि त्या कोणी फारशा वापरत नाही. पहिली, टीडीआर. वास्तू यादीत असल्यामुळं तुमच्या प्लॉटवर जे बांधता येत नाही, त्या न वापरलेल्या क्षमतेचं हस्तांतरणीय हक्कात रूपांतर करून तो विकता येतो. पायऱ्या बऱ्याच आहेत, बाजारभावही वरखाली होतो, पण तिघा वारसांत वाटायला रोख रक्कम हवी असेल तर वाडा न पाडता ती मिळायची ही एक वाट आहे. तुमच्या भावाला यात रस वाटेल. दुसरी, वापर. यादीत नाव लागल्यानं मालकी बदलायला किंवा वापर बदलायला बंदी होत नाही. उलट मालकानं वास्तू नीट राखायचं कबूल केलं तर राहत्या भागाचं कार्यालयात, दुकानात, खानावळीत रूपांतर करायला खास परवानगी मिळू शकते. तळमजल्यावर अभ्यासिका, वर तुम्ही. स्पर्धा परीक्षेची पोरं पेठेत किती आहेत हे मी तुम्हाला काय सांगू! राखणं थांबलं की परवानगीही जाते, एवढं लक्षात ठेवा.

यादीतून नाव काढता येतं का? येतं, पण जसं लागलं तसंच निघतं. जाहीर सूचना, हरकती, सुनावणी आणि शेवटी राज्य सरकारची मोहोर. बिल्डरच्या ओळखीनं एका टेबलावर होणारं ते काम नाही. आणि काढावं का, हा वेगळा प्रश्न. २०१२ साली मुंबईत वाढीव यादी आली, शिवाजी पार्कचा परिसर त्यात होता, तेव्हा रहिवाशांनी मोठा विरोध केला. आपल्याच घराच्या दुरुस्तीला कुणापुढं हात जोडायचे, हा त्यांचा राग खोटा नव्हता. पण तुमच्या बाबतीत एक गोष्ट उलटी आहे. विकास आराखड्यातल्या रस्तारुंदीच्या रेषा पेठेतल्या कित्येक वाड्यांच्या पुढच्या भागातून जातात, आणि तुम्हाला वाचवायचा आहे तो नेमका पुढचाच भाग. यादीतल्या वास्तूपाशी रस्तारुंदीची रेषा आखताना वास्तूला धक्का लागू नये असं नियमावली सांगते. नाव काढून घेतलंत तर ही ढाल तुम्हीच खाली ठेवाल. तुमच्या सिटी सर्व्हे नंबरवरून रेषा जाते का, ते बांधकाम विभागात जाऊन आजच पाहा.

भाऊ. इथं मी थोडं कडक बोलतो, तुम्हाला चालेल असं धरून. ‘तुझं लग्न झालेलं, तरी देतोय’ हे वाक्य चुकीचं आहे. वडिलोपार्जित मिळकतीत हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीचा हक्क मुलाइतकाच, जन्मानं. वडिलांची स्वकष्टार्जित असेल आणि मृत्युपत्र नसेल तरीही तुमचा वाटा समान. तेव्हा कुणी देत नाहीये, तुमचं आहेच. तुमच्या सहीशिवाय तुमचा वाटा विकसन करारात जात नाही, म्हणून तर सहीची एवढी घाई. मात्र भाऊ खलनायक आहे असंही मला वाटत नाही. निगडीहून येऊन तो वाडा पाहतो तेव्हा त्याला गळकी ओसरी, दोन भाडेकरू आणि वाढता कर दिसतो. तुम्हाला खांब दिसतात. दोघांचंही दिसणं खरं आहे. त्याला एकदा पावसात मुक्कामाला बोलवा, आणि त्याच वेळी पुतण्याला व्हिडिओवर घ्या. तिघांचं बोलणं बिल्डर समोर नसताना व्हायला हवं.

भाडेकरूंनाही त्यात घ्या. वाडा पडला तरी भाडेकरूचा हक्क हवेत विरत नाही. म्हणून पाडण्याआधी त्यांच्या ताब्यातल्या जागेचं मोजमाप महापालिकेच्या दप्तरी नोंदवलेलं असणं त्यांच्या आणि तुमच्याही भल्याचं. कायद्यानं दुरुस्ती घरमालकानं करायची. त्यानं हयगय केली तर भाडेकरूनं नोटीस देऊन स्वतः करायची आणि खर्च भाड्यातून वळता करायचा, वर्षाच्या भाड्याच्या पाव हिश्शापर्यंत. तुमच्या ६० रुपयेवाल्यांचा हिशेब करा, ७२० चा पाव हिस्सा १८० रुपये. त्यात चुन्याचं एखादं पोतं येईल, गवंड्याचा चहा नाही. पण माणसं इतकी वर्षं तिथं राहताहेत, कौलांच्या खर्चात थोडा हातभार लावा म्हटलं तर लावतीलही. पुष्कळ वाड्यांत मी ते पाहिलंय. अडचण एवढीच की त्यांना कधी कुणी विचारलेलं नसतं.

लाकडाचंही बोलून ठेवतो. पुण्यात जुना वाडा उतरवणारा ठेकेदार नुसती मजुरी घ्यायला येत नाही. त्याची नजर सागवानावर असते. खांब, चौकटी, दिंडीदरवाजा, तुळया, सगळ्याला गिऱ्हाईक आहे. तुमचा कोरीव खांब पुढच्या वर्षी एखाद्या रिसॉर्टच्या स्वागतकक्षात दिवे लावून उभा असेल. बिल्डरच्या करारात ‘मलबा व उतरवलेलं साहित्य विकसकाचं’ अशी एक ओळ असते, ती शोधा.

दर्शनी भाग राहावा म्हणता. तिसऱ्या श्रेणीत हे मागण्यासारखं आहे, पण काय मागायचं ते नीट मागा. नवी इमारत बांधून तिच्या तोंडावर जुनी नक्षीची फळी चिकटवायची, याला मी दर्शनी भाग वाचवणं म्हणत नाही. ते फोटोला चौकट करण्यासारखं झालं. निदान रस्त्याकडचे पहिले दोन खण, त्यांचे खांब, तुळया, कडीपाट आणि देवडीसकट, आहेत तिथंच उभे ठेवायचे आणि नवं बांधकाम त्यांच्या मागे, उंची रस्त्यावरून डोळ्यात न येईल अशी. चौकाची मोकळी जागा राखता आली तर उत्तम, कारण वाड्याचा जीव तिथं असतो, खांबांत नाही. असा आराखडा घेऊन समितीपुढं मालक स्वतः जातात तेव्हा बोलण्याचा सूरच बदलतो. समितीला बहुधा मालकांशी भांडायचीच सवय झालेली असते.

मात्र फार वर्षं लांबवूही नका. मुलींची शाळा १८४८ साली जिथं भरली तो बुधवार पेठेतला भिडेवाडा आठवा. त्याचं स्मारक व्हावं यावर सगळ्यांचं एकमत, तरी वर्षानुवर्षं कोर्टकज्जे, आणि २०२३ च्या डिसेंबरात स्मारक उभारण्यासाठी महापालिकेनं तो पाडला. आता तिथं जे उभं राहील ते स्मारक असेल, वाडा नाही.

या आठवड्याची कामं. माहिती अधिकाराचा अर्ज करा, दहा रुपयांचा. त्यात एवढंच विचारा: आमचा सिटी सर्व्हे नंबर यादीत आहे का, श्रेणी कोणती, आणि या मिळकतीबाबत २६४ खाली किंवा स्ट्रक्चरल ऑडिटसंबंधी काही कागद दाखल आहेत का. उत्तराची मुदत तीस दिवस. तोवर थांबायचं नाही. एक साधं पत्र हेरिटेज विभाग, बांधकाम विभाग आणि क्षेत्रीय कार्यालय, तिघांना द्या: मी सहमालक आहे, राहते इथं, माझ्या माघारी कुणी पाडकामासंबंधी अर्ज केल्यास मला ऐकून घेतल्याशिवाय निर्णय करू नये. प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. बँकेत नोकरी केलीत, शिक्क्याचं महत्त्व तुम्हाला सांगायला नको.

मग वाड्याचे फोटो काढा. प्रत्येक खणाचा एक, खांबाशेजारी मोजपट्टी धरून. कोनाडे, गणेशपट्टी, जिना, हौद असेल तर हौद. परसात बुजवलेला हौद पेठेत पुष्कळांकडे निघतो आणि समितीपुढं त्याचं वजन पडतं. ‘पेशवेकालीन’ मात्र कुठंही लिहू नका, कागद हाती असल्याशिवाय. पेठेतला प्रत्येक वाडा तोंडानं पेशवेकालीन असतो, आणि त्यातले कित्येक एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी उभे राहिलेले. खोटं वय लावलं की खऱ्या नक्षीवरचाही विश्वास उडतो.

आणि छप्पर. भाऊ हो म्हणो वा ना, करार होवो वा न होवो, हा पावसाळा काढायचा आहे. सगळी कौलं बदलायची गरज बहुधा नाही. वरच्या मजल्याचा कागदावर साधा नकाशा काढा आणि पावसात तुम्ही कुठं कुठं बादल्या ठेवता तिथं फुल्या मारा. मोठी बादली कुठं, पातेलं कुठं, कुठली मध्यरात्री उठून रिकामी करावी लागते, तेही लिहा. ज्या फुल्या भिंतीला लागून असतील त्यांच्याभोवती गोल करा. तो कागद मला पाठवा.